मुक्या जिवाचं औषध : घरातलं किती, दवाखान्यातलं किती?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास आरोग्याची बैठक होते. विषय नेहमीचे असतात. रक्तदाब, साखर, बाळंतपण, मुलांचं वजन. एका रविवारी मात्र एक ताई उठल्या आणि म्हणाल्या, "आमच्या कुत्रीला खरूज झालीय. शेजारचे म्हणतात गॅरेजमधलं जळकं ऑइल लावा. लावू का?"

बाया हसल्या. पण हसू ओसरल्यावर एकेकीच्या तोंडून उपाय बाहेर पडायला लागले. एकीने गोचिडीवर रॉकेल सांगितलं, दुसरीने जंतावर लसूण. कोणी अळ्या पडलेल्या जखमेत डांबरगोळी कुटून भरलेली, कोणी तापलेल्या मांजराला आपल्याच तापाची अर्धी गोळी दिलेली. कोणी पिल्लाच्या गळ्यात काळा दोराही बांधलेला. आम्ही सगळं फळ्यावर लिहीत गेलो. फळा भरला तेव्हा लक्षात आलं की जवळजवळ प्रत्येक घरात एखादा मुका जीव आहे. कुत्रा, मांजर, दोन कोंबड्या, कुठे शेळी. आणि त्यांच्या आजारपणात पशुवैद्याकडे गेलेल्या बाया दोनच होत्या.

त्या फळ्यावरून हा लेख लिहीत आहोत. आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. घरगुती उपाय वाईट नाहीत, पण तो "आपला" आहे, "नैसर्गिक" आहे, "आजीने सांगितलाय" म्हणून चांगला ठरत नाही. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलं ते औषधालाही लागू आहे. परंपरेने आलं म्हणून मानू नका, थोरांनी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासा आणि हिताचं असेल तर घ्या.

माणसांचं भागेना, कुत्र्याचं काय?

हा प्रश्न बैठकीतही आला. एक आजोबा म्हणाले, "आपल्याला कुत्र्या-मांजराहून हलकं लेखलं. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि आपल्याला मनाई होती. आता त्याच कुत्र्याच्या दवापाण्याचा विचार आपण करायचा?"

आजोबांच्या बोलण्यात खोटं काही नाही. पण १९२७ साली महाडला बाबासाहेबांचं भांडण तळ्यावर पाणी पिणाऱ्या जनावरांशी नव्हतं. ते जनावराला पाणी पिऊ देऊन माणसाला हाकलणाऱ्या व्यवस्थेशी होतं. त्याच महाडात त्यांनी मेलेली ढोरं ओढणं आणि मृतमांस खाणं सोडा असं सांगितलं. आपण ते सोडलं. मात्र जिवंत जनावरावरची दया सोडायला त्यांनी सांगितलं नाही. उलट १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञा प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांना सांभाळण्याची आहे. सम्राट अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात तर माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशी दोन्हींची सोय केल्याचं कोरलं आहे. जिथे औषधी वनस्पती नव्हत्या तिथे त्या आणून लावल्या, असंही त्यात आहे. म्हणजे झाडपाल्याचं औषध आणि सरकारने करायची सोय, दोन्ही गोष्टी आपल्या परंपरेत एकत्रच आहेत.

दुसरं कारण अगदी घरातलं आहे. वस्तीत एका खोलीत सहा माणसं राहतात आणि कुत्रंही त्यांच्यातच असतं. त्याचे जंत मातीतून मुलांच्या पोटात जातात. त्याची खरूज आपल्या हातावर खाजते. त्याला पिसाळ झाला, तर तो सगळ्यात आधी घरातल्यांनाच चावतो. जनावराचं आरोग्य आणि लेकराचं आरोग्य वस्तीत वेगळं काढता येत नाही.

घरी काय करावं

आधी जे खुशाल करावं ते सांगतो.

साधी हगवण : मोठ्या कुत्र्याला पातळ होत असेल, पण तो हिंडता-फिरता असेल, तर एक वेळचं खाणं बंद ठेवा. पाणी मात्र बंद करू नका. पाण्यात ओआरएस घालून थोडं थोडं पाजा. मग मऊ भात आणि थोडं दही, मीठ-मसाला न घालता द्या. मसाल्याचा रस्सा आणि हाडं चार दिवस बंद. लहान पिल्लाला उपाशी ठेवू नका. आणि पिल्लाला उलट्या होत असतील, शौचातून रक्त पडत असेल, त्याला घाण वास येत असेल, तर घरी एक तासही काढू नका. तो बहुधा पार्व्हो हा विषाणूचा आजार असतो. त्यात पिल्लू पाणी कमी होऊन दगावतं. त्याला सलाईन लागतं. दह्याने तो बरा होत नाही.

छोटी जखम : अर्धा लिटर पाणी उकळून गार करा, त्यात लहान चमचाभर मीठ घाला आणि त्याने जखम धुवा. भोवतीचे केस कापा. वरवरच्या खरचटण्यावर स्वच्छ हळद लावली तरी चालते. पण जखम खोल असेल, तोंड फाकलेलं असेल, तर हळद भरू नका. वरून खपली धरते आणि आत पू साठतो.

गोचीड : चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाका. बोटांनी चिरडू नका. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने कुत्र्याला आंघोळ घाला. खाज कमी होते. पण अंगावर शेकड्याने गोचीड असतील, तर कडुनिंब पुरा पडत नाही. गोचीड अंडी घालते ती कुत्र्याच्या अंगावर नाही, भिंतीच्या भेगांत. भेगा बुजवा, गोणपाट-चिंध्या गरम पाण्यात धुवा. कुत्रा मलूल झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, तर तो गोचीड ताप असू शकतो. त्याला औषध आहे, पण ते डॉक्टरांकडचं.

उन्हाचा झटका : मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेला कुत्रा धापा टाकतो, लाळ गाळतो, डुलतो. सावलीत आणा, साध्या पाण्याने पोट आणि पाय भिजवा, वारा घाला. बर्फ लावू नका. शुद्धीत असेल तरच पाणी द्या. मग दवाखाना गाठा.

डोळ्यात चिपडं आली तर उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पुसा. आपल्या डोळ्यांचं उरलेलं औषध त्याच्या डोळ्यात घालू नका.

कोंबड्यांच्या तोंडावर, तुऱ्यावर फोड येतात त्याला आपण देवी म्हणतो. तो कोणा देवीचा कोप नव्हे, विषाणू आहे. दुखणाऱ्या कोंबड्या वेगळ्या ठेवा. या आजारावर आणि राणीखेतवर लस मिळते. दोन्ही आजार झाल्यावरच्या कोणत्याही काढ्यापेक्षा आधीची लस खरी.

जे औषध नसून विष आहे

आता फळ्याची दुसरी बाजू.

जळकं ऑइल, रॉकेल, फिनाईल, डांबरगोळी. खरजेचा किडा ऑइलने गुदमरतो अशी समजूत आहे. किड्याचं काय व्हायचं ते होवो, पण कुत्रा अंग चाटतो आणि ते सगळं त्याच्या पोटात जातं. कातडी भाजते ती वेगळीच. अळ्या पडलेल्या जखमेत फिनाईल ओतलं तर अळ्यांबरोबर जिवंत मांसही जळतं. आम्ही अशी एक कुत्री पाहिली आहे. तिच्या कानामागची जखम रुपयाएवढी होती. घरच्यांनी मायेनेच तीन दिवस फिनाईल ओतलं. चौथ्या दिवशी ती पशुवैद्याकडे नेली तेव्हा अर्धा कान गेला होता.

माणसांच्या गोळ्या. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा जीवघेणी आहे. ते औषध पचवण्याची सोय मांजराच्या यकृतात नाही. हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, चेहरा सुजतो, श्वास लागतो आणि मांजर जातं. कुत्र्याला आयब्युप्रोफेनसारख्या अंगदुखीच्या गोळ्यांनी पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड निकामी होतं. जी गोळी आपल्या बाळाला चालते ती मांजराला चालेल, असा हिशेब नसतो.

लसूण आणि कांदा. जंत पडावेत म्हणून लसूण ठेचून देतात. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या, त्याहून जास्त मांजराच्या, तांबड्या रक्तपेशी फुटतात. जंतांची गोळी स्वस्त असते. पिल्लाला ती वजन करून लहानपणापासूनच द्यायची आणि मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी. लसणाची गरजच नाही.

एरंडेल. बोका पुन्हा पुन्हा मुतायला बसतो आणि कण्हतो. लोकांना वाटतं पोट कडक झालंय, म्हणून एरंडेल पाजतात. पुष्कळदा त्याची लघवी अडकलेली असते. एक-दोन दिवसांत तो मरतो. बोक्याची लघवी बंद म्हणजे त्याच दिवशी दवाखाना.

शेळीला बाटलीने काढा पाजणं. मान उंच धरून भराभर ओतला की काढा पोटात न जाता फुप्फुसात जातो. शेळी मूळ आजाराने नाही, औषधाने मरते.

गळ्यातला काळा दोरा आणि दारावरची बाहुली यांनी कुत्रा मरत नाही हे खरं. पण दोरा बांधून आपण चार दिवस निवांत बसतो. त्या चार दिवसांत आजार बसून राहत नाही.

तीच हळद, तोच चुना

कोणी म्हणेल, तुम्हा नर्स लोकांना इंजेक्शनशिवाय काही दिसत नाही. तसं नाही. गाईच्या कासेला दगडी होते, म्हणजे कासदाह. त्यावर कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम वाटून केलेला लेप राष्ट्रीय डेअरी विकास मंडळाने पशुपालकांत प्रसारात आणला आहे. प्रमाण ठरलेलं आहे, कसा आणि किती वेळा लावायचा ते ठरलेलं आहे. तो झाडपाल्याचाच उपाय आहे आणि आम्हाला त्याचा आनंद आहे.

पण तीच हळद आणि तोच चुना आपण कुत्रा चावलेल्या जखमेवर थापतो, तेव्हा माणूस मरतो. वस्तू तीच, आजार वेगळा. म्हणून कोणताही उपाय करण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा आजार नेमका कशाचा आहे ते मला कळलं आहे का? हे जनावराने चाटलं, गिळलं तर काय होईल? आणि हा उपाय करत मी दोन दिवस थांबले, तर त्या दोन दिवसांत काय हातचं जाईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "जीव" असेल, तर उपाय ठेवा आणि निघा.

पिसाळाला घरगुती औषध नाही

या लेखातला एवढाच भाग लक्षात राहिला तरी चालेल.

नोकरीत असताना आम्ही रेबीजचा एक रुग्ण सांभाळला. अकरा-बारा वर्षांचा मुलगा होता. त्याला तहान लागत होती, तो पाणी मागत होता, आणि पेला ओठाला लावला की घसा आवळून तो पेला ढकलत होता. पंख्याचा वारा त्याला सोसत नव्हता. आई सांगत होती, "घरचंच पिल्लू चावलं होतं. दोन दात लागले होते. तिखट भरलं, बरं झालं." त्याला दोन महिने होऊन गेले होते. तिने काही कसर केली नव्हती, तिला जे माहीत होतं ते तिने केलं. मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. आम्ही नर्सिंगचं सगळं शिक्षण घेऊन त्याच्या उशाशी उभे होतो आणि करण्यासारखं काही नव्हतं. लक्षणं दिसू लागल्यावर रेबीज जवळजवळ कधीच बरा होत नाही.

जखम बरी होते, विषाणू बरा होत नाही. तो नसांतून हळूहळू मेंदूकडे चढतो. म्हणून तिखट, चुना, हळद, तेल, कॉफी यांनी जखम भरली तरी त्याचा अर्थ काही नाही. उलट जखम चोळल्याने विषाणू आत ढकलला जातो.

चावल्यावर किंवा ओरबाडल्यावर लगेच नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा. घड्याळ लावून धुवा. हा खरा घरगुती उपाय आहे आणि तो प्रत्येक घरात आहे. त्यावर काही लावू नका, पट्टी आवळू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. लस तिथे मोफत मिळते. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य धरायचा, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. सुई स्नायूत घेतली जात असेल तर १४ व्या दिवशीही. मधली एकही चुकवू नका. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शन असतं, ते मागून घ्या. पोटात चौदा सुया देण्याची पद्धत केव्हाच बंद झाली, त्या भीतीने घरी बसू नका.

"पिल्लू लहान आहे", "घरचंच आहे", "नुसतं नख लागलं" ही कारणं विषाणूला माहीत नसतात.

आणखी एक. पिसाळलेला कुत्रा प्रत्येक वेळी चवताळतोच असं नाही. कधी तो कोपऱ्यात गप्प बसतो. जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज घोगरा होतो, खाणं गिळता येत नाही. घरच्यांना वाटतं, घशात हाड अडकलं. आमच्याच भागातल्या एका काकांनी असं हाड काढायला कुत्र्याच्या तोंडात हात घातला. हाड नव्हतं. कुत्रा चार दिवसांनी मेला. काकांच्या सुनेने बैठकीत ऐकलेलं आठवून त्यांना दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेलं होतं, सगळ्या सुया पूर्ण केल्या. काका आज आहेत. अशा कुत्र्याच्या तोंडात हात घालू नका. त्याला बंद करा, मुलांना लांब ठेवा आणि पशुवैद्याला कळवा.

आणि हे सगळं टाळायचं असेल, तर पाळलेल्या कुत्र्याला आणि मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या. पुढची लस डॉक्टर सांगतील तेव्हा आणि मग दर वर्षी. जयंतीच्या आठवड्यात दिली, तर तारीख विसरणार नाही.

दवाखाना दूर का आहे?

शेवटी मूळ मुद्दा. आपल्या बाया जळकं ऑइल लावतात, ते अडाणीपणाने नाही. गॅरेज गल्लीच्या तोंडाशी आहे आणि पशुवैद्यकीय दवाखाना दोन बस बदलून. खासगी डॉक्टरची फी दिवसाच्या मजुरीएवढी. रिक्षावाला आजारी कुत्रा बसवत नाही. दवाखाना हाताशी नसतो तिथे गॅरेजचं ऑइल औषध होतं आणि पुढे त्यालाच आपण परंपरा म्हणतो. माणसांच्या बाबतीतही आपण हेच भोगलं आहे.

म्हणून मागणी करायला शिकू. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजचं लसीकरण ही २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे. वॉर्ड ऑफिसला वस्तीच्या सह्यांचा अर्ज द्या आणि पोच घ्या. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. त्या आठवड्यात विहाराच्या आवारात लसीकरणाचं शिबिर घ्या, असं पशुसंवर्धन खात्याला लेखी कळवा. गावाकडे शेळ्या-गुरं असतील, तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरतं पशुवैद्यकीय पथक बोलावता येतं. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आणि वेळ विहाराच्या फळ्यावर कायमची लिहून ठेवा.

आमच्या विहारात ती आता लिहिली आहे. खरूज झालेल्या कुत्रीच्या ताई तो पत्ता घेऊन दवाखान्यात गेल्या. कुत्रीचं वजन करून औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलं. नाममात्र फी लागली. बसमध्ये नेता येईना म्हणून त्या तिला भाजीच्या हातगाडीवर बसवून घेऊन गेल्या होत्या. आता कुत्रीच्या पाठीवर केस आले आहेत. पुढच्या रविवारी त्याच ताईंनी आम्हाला विचारलं, "रेबीजची सुई पण तिथेच मिळते ना? गल्लीतली अजून सहा कुत्री आहेत."

ती सहा कुत्री कोणाचीच नाहीत, म्हणजे आपली सगळ्यांची आहेत. आपापल्या गल्लीतली मोजा.

नमो बुद्धाय! जय भीम!